जुना केलेला पिवळा

आकुर्डी,
रविवार, सकाळ

प्रिय दादा,

आधी एकच गोष्ट वाच, बाकीचं नंतर. गुरुवारी कंपनीतून मारुतशेठचा माणूस गावाला येईल. फळं आणेल, आईच्या पाया पडेल आणि मग पिशवीतून एक कागद काढून तुझ्यापुढे ठेवेल. त्या कागदावर सही करू नकोस. डाव्या हाताने सही जमत नसेल तर अंगठा दे म्हणेल, तर अंगठाही देऊ नकोस. तो गोड बोलेल, बोलू दे. चहा पाज आणि वाटेला लाव. का, ते या पत्रात आहे, पण ते मला एका दमात लिहिता येणार नाही. मी तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही कागद फाडले. हा चौथा. खालच्या खोलीतल्या कुसुमताई आज संध्याकाळच्या लातूरच्या गाडीने भाचीच्या लग्नाला चालल्यात. उद्या सकाळी त्या हे तुझ्या हातात देतील. हाही फाडला तर त्यांची गाडी निघून जाईल, म्हणून आता सुचेल ते तसंच लिहिणार आहे. खाडाखोड दिसली तर दिसू दे.

तुला हसू येईल की हिच्याकडे फोन असून ही पत्रं काय लिहीत बसलीय. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? मी 'दादा, त्या दिवशी' एवढं म्हणते न म्हणते तोवर तू म्हणतोस, 'सोड की वर्षू, माझीच चूक होती. जेवलीस का?' आणि मी जेवले म्हणते. गेले पाच आठवडे मी तुला नुसतं जेवले जेवले सांगतेय. मागच्या सोमवारी फोनवर आई रडत होती. म्हणाली, हा घरातून बाहेर पडत नाही, आणि कुणी हाताचं विचारायला आलं की यानेच सुरुवात करायची, 'बोर्ड होता, मीच बघितलो नाही.' आईला वाटतं तू मनाने खचलास. तिला काय माहीत तुला कुणी खचवलं ते. मला माहीत आहे. म्हणूनच मला इथे अन्न गोड लागत नाही. शुक्रवारी शेवटच्या वर्षाचं सबमिशन आहे आणि मी आठवडाभर लॅपटॉप उघडलेला नाही. उघडला की त्यात ती फाइल दिसते.

तुला आठवतं, मी पहिल्या वर्षाला रंगांचं ते मोठं चक्र काढून घरी आणलं होतं? तू नुकताच शिफ्टवरून आलेला. बघून म्हणालास, 'रंगाचं शिकायला चार वर्षं? आमच्याकडं पहिल्याच दिवशी शिकवतेत.' मग तू जेवता जेवता समजावलंस. लाल क्रेट म्हणजे खराब माल, टाकून द्यायचा. पिवळा म्हणजे थांब, परत एकदा बघ. हिरवा म्हणजे झालं, गाडीत भर. तीन रंगांत अख्खं चाकण चालतं, म्हणालास. मी चिडले होते, कारण मॅडमनी त्याच दिवशी दीड तास पिवळ्या रंगावर व्याख्यान दिलं होतं. माणसाचा डोळा सगळ्यांत आधी पिवळ्याकडे जातो, अक्षर नंतर वाचलं जातं, रंग आधी बोलून मोकळा होतो, असं बरंच काही. मी ते सगळं वहीत उतरवून घेतलं होतं, आणि तू ते भाकरीचा तुकडा मोडत तीन वाक्यांत सांगून टाकलंस.

नंतर तर मी तुझा जीवच खाल्ला. किराणा आणायला गेलो की तुला दुकानात अर्धा अर्धा तास उभं करायची. हे बघ, या बिस्किटाच्या पुड्यावर दूध कसं उसळताना दाखवलंय, आत दूध चिमूटभर. हे फरसाणाचं पाकीट बघ, पारदर्शक खिडकी खालच्याच अंगाला ठेवलीय, कारण माल खालीच असतो आणि वर नुसती हवा. तू पिशवी धरून गपगुमान ऐकायचास आणि शेवटी सुट्टा शेंगदाणा मागायचास. एकदा साधना मॅडमनी गुळाचा एक डबा वर्गात आणला होता, रावेतच्या कुठल्याशा मोठ्या दुकानातला. खाकी पुठ्ठा, वर सुतळी, कोपऱ्यात बारीक अक्षरं, बाकी काही नाही. मी तुला फोटो दाखवला तर तू पोट धरून हसलास. ब्रेकचे पार्ट भरायला आम्ही जो खाकी खोका बनवतो तो सगळ्यांत स्वस्त, आणि तुमच्याकडे तोच सगळ्यांत महाग. मी म्हटलं होतं, त्यालाच तर डिझाइन म्हणतात, लोकांना जे खरं वाटावं असं आपल्याला वाटतं ते त्यांना खरं वाटायला लावायचं. काय रुबाबात म्हटलं होतं मी. आता ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग तो मसाल्याचा डबा झाला. मॅडमनी काम दिलं होतं की नसलेल्या एका मसाल्याचं लेबल करा, पण ते पन्नास वर्षांपूर्वीचं वाटलं पाहिजे. त्या म्हणायच्या, नव्या वस्तूकडे गिऱ्हाईक संशयाने बघतं, जुनी दिसली की संशय गळून पडतो. मी आठ दिवस त्या डब्यामागे होते. कोरा पांढरा कागद चहाच्या पाण्यात भिजवला, लाल रंगात किंचित तपकिरी मिसळला, कडा बोटांनी चोळल्या, घडीच्या रेघेवर बारीक पॉलिश पेपर फिरवला. जिथे बाईचा हात झाकण उघडताना रोज लागला असता तिथला रंग उडवला. वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मला मिळाले आणि तू तो डबा दुसऱ्या दिवशी कंपनीत घेऊन गेलास. शेठ म्हणाले, 'आमच्या आज्याच्या टायमाचा डबा दिसतोय, कुठं घावला रं?' आणि तू सगळ्यांसमोर सांगितलंस, शेठ, हा माझ्या बहिणीनं मागच्या मंगळवारी केलाय. ते तू मला त्या संध्याकाळी पाच वेळा सांगितलंस, शेठचा आवाज काढून. शेजारच्यांना बोलावून सांगितलंस. तू तो डबा त्या दिवशी घरीच ठेवला असतास तर. नाही, हे मी तुझ्यावर ढकलत नाहीये. लिहिलं गेलं, आता खोडत नाही.

तो दिवस तुला किती आठवतो मला माहीत नाही. पिंटूभाऊंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, साडेअकरा झाले असतील. ते तुझ्या शेजारच्याच मशीनवर असल्यामुळे सगळं त्यांच्यासमोर झालं होतं, आणि त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. एवढंच कळलं की पुठ्ठा कापायच्या पंचिंग मशीनमध्ये खोका अडकला, तू तो काढायला हात घातलास आणि जबडा मिटला. चिंचवडच्या दवाखान्यात मी पोचले तेव्हा तुला आत नेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले अंगठा राहील, बोटांचं सांगता येत नाही. मग तासाभराने म्हणाले, चारही गेली. मी तिथल्या बाकड्यावर बसून होते आणि डोक्यात एकच चाललं होतं की आता हा भाकरी कशी मोडणार.

तेवढ्यात शेठ आले. तू त्यांना वाईट समजू नयेस म्हणून सांगत नाही, पण ते खरंच रडलेले दिसत होते. त्यांनी पाण्याची बाटली आणली, झाकण स्वतः काढून दिलं. 'बाये, रडू नगंस. ज्योतीराम माज्या पोरावानी हाय. समदा दवाखाना माज्याकडं.' मी मान हलवली. मग ते खाली बघत म्हणाले, 'उद्या सकाळी फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. मशिनीवर धोक्याचं बोर्ड न्हाईत. लावायचं ऱ्हाऊन गेलं. कंपनीला टाळं लागलं तर एवढी घरं बसत्याल, आन् याचं पुढचं ऑपरेशन तरी कोन करनार?' मग त्यांनी विचारलं, 'त्यो डबा तूच केलेलास न्हवं?' दादा, मला त्याच क्षणी सगळं कळलं. कळलं नाही असं मी तुला सांगू शकले असते, लहान होते, घाबरले होते, काही सुचत नव्हतं, असंही म्हणू शकले असते. पण मला नीट कळलं होतं. पुढच्या दहा मिनिटांत मी निगडीच्या फ्लेक्सवाल्याला फोन लावलेला होता.

तर ते हे आहे. मशीनवरचे ते दोन्ही बोर्ड मी केले. फोटोत तू जे बघितलेस ते. पिवळ्यावर काळे तिरके पट्टे, त्रिकोणात हात, खाली मराठीत आणि हिंदीत, 'धोका, मशीन चालू असताना हात आत घालू नये.' तू दवाखान्यात टेबलावर होतास तेव्हा मी शेठच्या गाडीत मांडीवर लॅपटॉप घेऊन ते करत होते. मोशीच्या पुढे गाडी अडकली, तिथे मी अक्षरं बसवली. फ्लेक्सवाल्याने ते तासाभरात छापून कंपनीत पाठवले. मी कंपनीच्या शेडमध्ये गेले तेव्हा मशीनखालची फरशी धुतलेली होती. हात आत गेला की मशीन थांबवणारा सेफ्टी बार बंद ठेवायला त्याला बांधलेली तार पिंटूभाऊंनी तोवर कापून टाकली होती, शेठनीच सांगितलं होतं म्हणे. म्हणजे इन्स्पेक्टरला तो बार चालू दिसला. तू फोनवर एकदा म्हणालास, 'तार होती की मलाच वाटलं?' होती, दादा. गेलं वर्षभर होती, माल लवकर निघावा म्हणून. मला पिंटूभाऊंनीच सांगितलं.

नवे बोर्ड नवेच दिसत होते, लांबूनही कळलं असतं. मग मी काम सुरू केलं. शेडला पश्चिमेच्या अंगाला एकच जाळी आहे, दुपारचं ऊन तिथूनच येतं, म्हणून मी पिवळा फक्त त्या बाजूने फिका केला. सगळा फिका केला असता तर खोटं दिसलं असतं. काळ्यावर पुठ्ठ्याची धूळ तेलात कालवून लावली आणि फडक्याने पुसली, म्हणजे ती कडांना आणि कोपऱ्यांत बसते. एक कोपरा सोलून परत चिकटवला. एका स्क्रूच्या भोवती गंजाचं पाणी सोडलं. आणि यातली सगळ्यांत घाण गोष्ट ही आहे की त्या दोन तासांत मी तुला विसरले होते. खरंच विसरले होते. काम सुरेख होत होतं. मागे सरकून डोळे बारीक करून बघत होते, मॅडम शिकवतात तसं, आणि मनात आलं की अजून एक हात मारला तर कुणाच्या बापाला कळणार नाही. मग पिंटूभाऊंना दवाखान्यातून फोन आला की तू शुद्धीवर आलास आणि बहिणीला विचारतोयस, तेव्हा हातातला पॉलिश पेपर खाली पडला. तिथे मी अजून एक गोष्ट केली होती. ती शेवटी लिहिते, आत्ता लिहिली तर पुढचं राहून जाईल.

इन्स्पेक्टर सकाळी आले, फोटो काढले, बारला हात लावून बघितला, गेले. शेठनी मला मोबाइलवर नमस्काराचे दोन हात पाठवले. मला वाटलं, संपलं. कंपनी वाचली, दवाखाना चालू राहील, तुला परत तिथेच कुठलं तरी बसून करायचं काम मिळेल. माझ्या अकलेची धाव एवढीच. चार वर्षं मी एकच शिकत होते की चित्र बघणाऱ्याच्या मनात काय तयार होतं. आणि बोर्ड असला की कंपनी सुटते एवढंच मला दिसलं. बोर्ड होता म्हटलं की ज्याचा हात गेला तोच गुन्हेगार होतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एकदाही नाही. ज्या दिवशी शेठच्या वकिलाने तो कागद केला आणि पिंटूभाऊंनी मला त्याचा फोटो पाठवला त्या दिवशी मी तो वाचला. 'सूचनाफलक स्पष्ट दिसत असताना मी निष्काळजीपणाने हात आत घातला, याबद्दल माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' मी ते रिक्षात वाचलं आणि रिक्षावाल्याला मध्येच थांबवून खाली उतरले.

मी शेठकडे गेले होते. तुला सांगितलं नाही. म्हटलं, बोर्ड काढा आणि कागद फाडा. ते ओरडले नाहीत, त्यांचं ओरडणं परवडलं असतं. म्हणाले, 'बोर्ड कुनी केलं, बाये? तुज्याच कॉम्प्युटरवर हाय ना त्ये? मग त्यात माजं नाव कुटं हाय?' आणि आतून चहा मागवला. मी तो चहा प्यायले. का प्यायले ते मला अजून कळलेलं नाही. पिंटूभाऊंना म्हटलं, तुम्ही तरी सांगा, तुम्ही तिथेच उभे होता. ते माझ्याकडे बघून म्हणाले, 'ताई, बोर्ड होता की गं, दिवाळीपासूनच होता.' मी म्हटलं, भाऊ, तुम्ही स्वतः मला स्क्रू आणून दिलेत. तर म्हणाले, ते ढिले झालेले, म्हणून. ते मुद्दाम खोटं बोलत नव्हते असं मला वाटलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. रोज आठ तास ते बोर्ड समोर बघतायत. अजून महिनाभराने शेडमधला प्रत्येक जण शपथेवर सांगेल की होता.

उद्या सोमवार. उद्या अकरा वाजता मी इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जातेय. फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवलेला मेसेज माझ्याकडे आहे, त्यावर तारीख आहे, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. तुझा हात साडेदहाला गेला होता. फ्लेक्सवाल्याने चुकून तीन बोर्ड छापले होते, तिसरा माझ्या कपाटाच्या मागे आहे, कोरा, कडक पिवळा. तोही नेणार. लॅपटॉपही नेणार. साधना मॅडमना काल सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, मी बरोबर येते. कॉलेज मला ठेवेल की नाही ते त्या सांगू शकल्या नाहीत. माझ्यावर काय लावतील तेही मला माहीत नाही. मला भीती वाटतेय, दादा, खूप वाटतेय. पण मी जाणार आहे. हे सगळं आधीच तुला कळवून ठेवतेय त्याचं एक कारण हेही की आता मला माघार घेता येऊ नये. कुसुमताईंच्या पिशवीत हे पत्र गेलं की मी अडकले.

पण त्या कागदासाठी एवढं लिहायची गरज नव्हती. सही करू नकोस एवढं चार शब्दांत कळवता आलं असतं. लिहायचं होतं ते वेगळंच. तुला दवाखान्यातून सोडलं त्या दिवशी शेठच्या माणसाने तुला मोबाइलवर ते फोटो दाखवले. तू फोटो मोठा करून खूप वेळ बघत होतास. मग मला जवळ बोलावून म्हणालास, 'हे बघ वर्षू, इथला रंग घासून गेलाय. हा माझाच हात. सात वर्षं रोज इथंच हात टेकवून उभा राहायचो बघ. सात वर्षं हात ठेवलो आणि एकदाबी वाचलो नाही.' आणि तू त्या कोपऱ्यावरून डावा अंगठा फिरवलास. मी तिथेच उभी होते आणि बोलले नाही. दादा, ती जागा मी घासली. तीच ती राहिलेली गोष्ट. चालवणाऱ्याचा हात कुठेतरी टेकत असेल, तिथला रंग उडालेला असला की बोर्ड खरा वाटेल, म्हणून. तू हात कुठे टेकवतोस ते मला माहीतही नव्हतं, त्याआधी मी ते मशीन कधी पाहिलंच नव्हतं. तू माझ्याहून वीतभर उंच आहेस, एवढ्या अंदाजाने वर हात नेला आणि तळव्याएवढी जागा घासली. आणि तू तो तुझा हात म्हणून ओळखलास. इन्स्पेक्टर फसला, पिंटूभाऊ फसले, त्याचं मी काही करू शकले असते की नाही माहीत नाही, पण तू स्वतःवर अविश्वास ठेवून तिथे घरात बसलायस, हे मला सहन होत नाही. माफी मागायला हे पत्र नाही. माफी तू देशीलही, मला तुझा स्वभाव माहीत आहे, म्हणूनच मागत नाही. तू फक्त एक कर. डोळे मीट आणि ते मशीन आठव, फोटो नाही, मशीन. हिरवा रंग दिलेलं लोखंड आठव, तेलकट, उघडं. सात वर्षं तुझ्या समोर तेवढंच होतं. तुझं वाचायचं काही राहून गेलं नव्हतं, दादा. तिथे काही लिहिलेलंच नव्हतं.

तू अजून म्हणू देत असशील तर,
तुझीच
वर्षू